अनोळखी लाकूड चुलीत घालण्याआधी



मे महिना आला की पालिकेची माणसं करवती घेऊन रस्त्यावर उतरतात. पावसाळ्यात फांद्या पडू नयेत, विजेच्या तारांना लागू नयेत म्हणून छाटणी होते. त्यातून उरलेली दोन-चार झाडं मृगाआधीचा वादळी पाऊस आडवी करतो. रस्त्याच्या कडेला फांद्यांचे ढीग पडतात आणि आपल्या वस्तीतल्या बायका कोयता-दोरी घेऊन निघतात. पावसाळ्यातल्या सरपणाची बेगमी बऱ्याच घरांत याच दिवसांत होते.

गॅस नाही का? आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि अनेक घरांत शेगडी आली. पण १४.२ किलोची टाकी संपली की पुढची भरायला एकरकमी पैसे लागतात. रोजंदारीच्या घरात ते दर महिन्याला निघत नाहीत. मग चहा गॅसवर आणि आंघोळीचं पाणी, भाकरी, डाळ चुलीवर, अशी विभागणी होते. म्हणून "चूल वाईट, वापरू नका" एवढंच सांगून मी हे पान भरणार नाही. चूल पेटणारच असेल, तर तिच्यात काय जातंय ते तरी पाहू.

गावी आपल्या आजीला जळणाची सगळी झाडं नावानिशी माहीत होती. शहरात आलेल्या मोळीत मात्र निम्मी लाकडं शोभेच्या झाडांची असतात, बाहेरून आणून लावलेली. नाव कुणालाच माहीत नसतं. "लाकूड ते लाकूड, जळतंय ना!" म्हणून ते चुलीत जातं. बहुतेक वेळा काही बिघडत नाही. पण थोडी झाडं अशी आहेत की त्यांचा चीक डोळा घालवू शकतो, धुराने तोंड सुजतं, नाहीतर त्यांचं विष थेट हृदयावर जातं.

तेव्हा शेकडो झाडं पाठ करायची गरज नाही. टाळायची पाच झाडं पक्की ओळखा. बाकीच्याची ओळख पटेपर्यंत ते बाजूला वाळत ठेवा. नाहीतरी ओलं लाकूड लगेच जाळायचं नसतंच.

पानं असतानाच ओळखा

पानं झडली, साल निघाली की जुन्या जाणत्यालाही लाकूड ओळखता येत नाही. म्हणून ओळख ढिगाजवळच करायची.

१. तोडणाऱ्याला विचारा. पालिकेच्या ज्या कामगाराने फांदी उतरवली, त्याने उभं झाड पाहिलेलं असतं. "दादा, हे कशाचं झाड?" एवढा एक प्रश्न पुरतो.

२. पान बघा. रुंद की अरुंद? एकेकटं की चिंचेसारखी बारीक पानं दोन्ही बाजूंनी लागलेली? एका पेरावर किती पानं निघाली आहेत?

३. फूल, शेंग, फळ शोधा. ढिगात कुठेतरी एखादी वाळकी शेंग सापडतेच. नुसत्या सालीपेक्षा शेंग फार पक्की खूण आहे.

४. चीक आहे का ते बघा. कोयत्याने बारीक काटकी कापा, तोंड लांब ठेवा. पांढरं दूध आलं किंवा चीक काळा पडू लागला तर हात लावू नका. वड, उंबर, फणस यांनाही पांढरा चीक असतो आणि ती विषारी नाहीत, पण तुम्ही त्यांना ओळखता. अनोळखी झाडाला चीक दिसला की ते तिथेच सोडायचं.

५. वास घ्या, चव घेऊ नका. निलगिरी, कडुनिंब वासावर कळतात. पण काटकी चावून बघायची सवय असेल तर ती सोडा. अनोळखी काडीने दात घासू नका, मुलांनाही चावू देऊ नका.

नाव कळलं नाही तर पानं-शेंगांसकट एक डहाळी बांधून ठेवा आणि मोळीला त्याच रंगाची चिंधी बांधा. म्हणजे पुढे कुणाला दाखवताना "ही डहाळी त्या मोळीची" हे कळेल.

ही पाच चुलीत नाहीत

कण्हेर. सर्वांत जास्त सावध राहायचं ते हिच्यापासून, कारण ती आपल्या दारापर्यंत येते. महामार्गाच्या मधल्या दुभाजकावर, बागांत, शाळांच्या कुंपणाला कण्हेर लावतात. जनावर तिला तोंड लावत नाही, पाणी कमी लागतं, फुलं बारमाही. तिची छाटणी झाली की सरळ, हाताच्या बोटाएवढ्या काठ्यांचे ढीग पडतात. पेटवायला छान वाटतात. खूण अशी: पान लांब, अरुंद, जाड, मधोमध ठसठशीत शीर आणि एका पेरावर बहुतेक तीन-तीन पानं. फुलं गुलाबी, पांढरी किंवा लाल. कण्हेरीचं पान, साल, मूळ, लाकूड सगळंच विषारी आहे. विष हृदयाच्या ठोक्यांवर जातं. उलट्या, चक्कर, नाडी मंद किंवा वेडीवाकडी होणं, ही लक्षणं. तिचा धूरही छातीत जाऊ देऊ नये. आणि एक गोष्ट मुलांना बजावून सांगा: कण्हेरीच्या काडीला खोचून कणीस, मांस, मासा काहीही भाजायचं नाही. त्या काडीने भाजी हलवायची नाही.

पिवळी कण्हेर, म्हणजेच बिट्टी. पान कण्हेरीसारखंच अरुंद, पण जास्त चकचकीत आणि एकेक करून फांदीभोवती लागलेलं. फूल पिवळं, भोंग्यासारखं. फळ हिरवं, थोडं तिकोनी, वाळल्यावर काळं. कापल्यावर पांढरा चीक येतो. हिच्या बियांचं विषही हृदयावर जातं. मुलं या बिया खेळायला घेतात, तेव्हा फांद्या घरी आणूच नका.

बिब्बा. विदर्भात, डोंगर-जंगलाच्या कडेला राहणाऱ्या बहिणींनी हे लक्षात ठेवावं. पान हातभर मोठं, टोकाकडे रुंद आणि गोलसर, फांदीच्या शेंड्याला झुबक्याने. फळ तर सगळे ओळखतात, नारिंगी बोंडावर बसलेली काळी बी. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायकांच्या हातांवरचे काळे डाग आपण पाहिले आहेत. तोच रस सालीतही असतो, हवा लागली की काळा पडतो. अंगाला लागला तर फोड येतात आणि जाळला तर धुरानेही तोंड, पापण्या सुजतात. कामात बिब्बा घालणं म्हणतात ते उगाच नाही.

शेर आणि थोर. शेराला पानं जवळजवळ नसतातच, नुसत्या हिरव्या, पेन्सिलीसारख्या गोल कांड्या. गावात कुंपणाला असतो. थोराला काटे आणि जाड, मांसल फांद्या. दोन्हींत दुधासारखा चीक खूप. तोडताना एक थेंब डोळ्यात उडाला तरी भयंकर आग होते, बुबुळाला इजा होते, काही काळ दिसत नाही. वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो.

गेवा. मुंबई, ठाणे, रायगड आणि खाली कोकणात खाडीकाठी राहणाऱ्यांसाठी. खारफुटीतलं हे झाड. पान साधं, चकचकीत, गळताना लालसर होतं. चीक पांढरा आणि डोळ्यांना अतिशय घातक. तशीही खारफुटी तोडायला बंदी आहे, तेव्हा तिकडे कोयता न्यायचाच नाही.

झाडापेक्षा वाईट लाकूड

वस्तीत आणखी एक लाकूड येतं. ते कुठल्या झाडाचं हा प्रश्नच उरलेला नसतो. पाडलेल्या घराचे रंगवलेले दरवाजे, फर्निचरच्या कारखान्यातले प्लायवुडचे तुकडे, सनमायका चिकटवलेल्या फळ्या, भुशाचा दाबून केलेला बोर्ड. हे कोरडं असतं, फुकट मिळतं, भडकन पेटतं. पण त्यातला गोंद जळला की फॉर्मल्डिहाइडसारखे वायू निघतात, डोळे चुरचुरतात, घसा धरतो. जुन्या तेलरंगात शिसं असतं. ते धुरात आणि राखेत उतरतं आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरतं. आपण राखेने भांडी घासतो. म्हणून रंगीत लाकडाची राख ना भांड्यांना, ना दारातल्या भाजीच्या रोपांना.

रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर काळ्या, डांबरासारख्या वासाच्या तेलात भिजवलेले असतात. तेही नकोत. माल उतरवल्यावर फेकलेल्या पेट्या आणि फळ्यांवर शिक्का बघा. इंग्रजी एच-टी अक्षरं असतील तर ते लाकूड फक्त तापवून किडीपासून सुरक्षित केलेलं आहे. एम-बी असतील तर विषारी वायू दिलेला आहे, घेऊ नका. एच-टीच्या फळीवर रंग, तेल किंवा रसायन सांडलेलं असेल तर तीही नको.

आणि चूल पेटवायला प्लॅस्टिकची पिशवी, टायरचा तुकडा, वायर वापरू नका. चांगलं बाभळीचं लाकूडही त्या पेटवणीने नासतं. वाळलेली चिपाडं, नारळाची शेंडी, कोरा कागद, गोवरीचा तुकडा पुरतो.

अंगणात तीन ढीग करा

पहिला ढीग ओळखीचा. बाभूळ: पांढरे सरळ काटे, काळी भेगाळ साल, माळेच्या मण्यांसारखी शेंग. वेडी बाभूळ: लांब पिवळसर शेंग, मजबूत काटे. काटा रुतला तर पाय सुजतो, चप्पल घालूनच हाताळा. सुबाभूळ: बिनकाट्याची, चपट्या तपकिरी शेंगांचे घोस. बोर, चिंच, जांभूळ, आंबा, शिसव. ही सगळी जळणाला चांगली. बाभूळ, बोर आणि चिंच यांचे निखारे बराच वेळ टिकतात, डाळ शिजायला उपयोगी.

याच ढिगात हलकी लाकडंही येतील. गुलमोहर, जो हातभर लांब तलवारीसारख्या शेंगेवरून ओळखतो. रस्त्याकडेचा उंच अशोक. पांगारा, सावर, शेवगा. ही विषारी नाहीत, पण भुसभुशीत असतात. लवकर पेटतात, लवकर संपतात, निखारा धरत नाहीत. यांच्या बारीक काटक्या पेटवणीला ठेवा.

दुसरा ढीग नाव माहीत नसलेल्यांचा. चीक नाही, रंग-गोंद नाही, वर सांगितलेल्या पाचांपैकी नाही, पण नावही माहीत नाही, असं लाकूड इथे. ते चिरून वाळत टाका आणि राखलेली डहाळी घेऊन विचारत फिरा. गावाकडून आलेल्या म्हाताऱ्या बायका, पालिकेच्या बागेतले माळी, रोपवाटिकावाले, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर-मॅडम, ही माणसं बघताक्षणी सांगतात. पोरांच्या मोबाइलमधलं फोटोवरून ओळखणारं ॲपही वापरा, पण पान, फूल, शेंग अशा तिन्हींचे फोटो काढा आणि त्याने सांगितलेलं नाव एका जाणत्या माणसाकडून पडताळून घ्या. नुसत्या सालीच्या फोटोवर ॲप हमखास चुकतं.

तिसरा ढीग नकोच्या लाकडाचा. तो अंगणात ठेवूच नका. पालिकेच्या गाडीत टाका. कोपऱ्यात पेटवून विल्हेवाट लावू नका, कारण धूर आपल्याच वस्तीत फिरतो.

एक गोष्ट कायद्याची. शहरात उभं झाड तोडायला पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यासाठी महाराष्ट्रात १९७५ चा कायदा आहे. पडलेल्या, छाटलेल्या फांद्या मुकादमाला विचारून घ्या. उभ्या झाडाला कोयता लावून केस ओढवून घेऊ नका.

ओळख पटली तरी ओलं नको

ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाच्या जवळजवळ निम्मं पाणीच असतं. ते चुलीत घातलं की आधी पाणी उकळून जातं, मग लाकूड जळतं. जाळ कमी, धूर जास्त, आणि फुंकणीने फुंकून फुंकून बाई बेजार.

वाळलेलं कसं ओळखायचं? दोन तुकडे एकमेकांवर आपटा. कोरडं लाकूड खणखणीत वाजतं, ओलं धप्प. तोंडाला भेगा पडलेल्या दिसतात. साल आपोआप सुटते. त्याच मापाच्या ओल्या तुकड्यापेक्षा ते हाताला हलकं लागतं.

लाकूड मनगटाएवढं चिरून घ्या, अख्खं खोड आतून वाळत नाही. खाली दोन विटा किंवा दगड, त्यावर एक थर आडवा, एक उभा, मध्ये हवा खेळेल असा. पावसात फक्त वरून प्लॅस्टिक टाका, चारी बाजू बंद करू नका. बारीक फांद्या उन्हात काही आठवड्यांत वाळतात, जाड तुकड्यांना सहा महिने किंवा जास्तही लागतात. म्हणजे या मे महिन्यातलं जाड लाकूड हिवाळ्यात वापरायचं. पावसाळ्यासाठी बारीक काटक्या आणि मागच्या वर्षीचं वाळकं पुढे ठेवा.

रचलेल्या सरपणात विंचू, साप घर करतात. ढीग भिंतीला आणि झोपायच्या जागेला लागून नको. लाकूड काढताना आधी काठीने हलवा, अंधारात बॅटरी घ्या. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ दवाखाना. विंचवाच्या दंशालाही दवाखान्यातच न्या. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून जीव वाचवता येतो हे दाखवून दिलं आहे. ते वेळेत मिळालं पाहिजे.

धूर म्हणजे रोजचा डोस

चांगल्या, वाळलेल्या लाकडाचाही धूर औषध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० या एका वर्षात घरातल्या धुराशी जोडलेले मृत्यू जगभरात सुमारे ३२ लाख होते, आणि त्यांत पाच वर्षांखालची दोन लाखांहून जास्त मुलं होती. लहानग्यांना न्यूमोनिया, बायकांना कधी बिडी न ओढताही दम्यासारखा फुप्फुसाचा आजार, मोतीबिंदू, गरोदरपणी कमी वजनाचं बाळ, हे सगळं धुराशी जोडलेलं आहे.

म्हणून चूल खिडकीजवळ किंवा पडवीत. भांड्यावर झाकण. डाळ, कडधान्य आधी भिजवून ठेवा, जळण कमी लागतं. तान्हं मूल कडेवर घेऊन चुलीपुढे बसू नका. गरोदर बाईचं फुंकणीचं काम घरातल्या पुरुषाने करावं, त्यात कमीपणा नाही. दार-खिडकी बंद करून निखाऱ्यांची शेगडी घेऊन झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं दुखतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो.

त्रास झाला तर

डोळ्यात चीक: चोळू नका. वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटं डोळा धुवा, मग दवाखाना. दूध, मध, तूप काहीही घालू नका.

अंगाला चीक: साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. कपडे बदला. फोड फोडू नका.

धुराने सूज, धाप, चक्कर: माणसाला मोकळ्या हवेत आणा. श्वास लागत असेल तर १०८ ला फोन करा.

पोटात गेलं असेल: उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. त्या झाडाची डहाळी सोबत घेऊन ताबडतोब दवाखान्यात.

नोकरीत असताना मी अशी एक बाई पाहिली आहे. तोंड आणि पापण्या सुजलेल्या, डोळे उघडत नव्हते. "काय खाल्लं?" हे सगळ्यांनी विचारलं. "काय जाळलं?" हे उशिरा विचारलं गेलं, तेव्हा बिब्ब्याची फांदी निघाली. कुणी विचारायची वाट पाहू नका. डॉक्टरांना, नर्सला स्वतःहून सांगा: काल चुलीत नवीन लाकूड घातलं होतं.

एक फळी, पंचवीस डहाळ्या

हे एकटीने करायचं काम नाही. विहाराच्या ओट्यावर रविवारी वंदनेनंतर अर्धा तास ठेवा. एका फळीवर आपल्या भागात मिळणाऱ्या झाडांची वाळवलेली पानं, शेंगा आणि सालीचा तुकडा चिकटवा, खाली मोठ्या अक्षरात नाव. चांगल्या जळणाला हिरवी खूण, हलक्याला पिवळी, नकोच्याला लाल. कण्हेर, बिट्टी, बिब्बा यांचे नमुने चिकटवू नका, त्यांची चित्रं काढा, मुलांचे हात लागतात. नावं म्हाताऱ्या बायकांनी सांगावी, लिहिण्याचं काम शाळकरी मुलींनी करावं. सुट्टीत दोन रविवारांत फळी तयार होईल, आणि छाटणीचा ढीग वस्तीत येईल तेव्हा कुणी ना कुणी सांगेल: "थांब माय, ती कण्हेर आहे. तिला नको घेऊ."